राजाजींची तीन तासांची शाळा



मागच्या महिन्यात आमच्या केंद्रातल्या शिक्षकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज फिरत होता. त्यात म्हटलं होतं की आज सगळे कौशल्य शिक्षण, कौशल्य शिक्षण करतात, पण राजाजींनी सत्तर वर्षांपूर्वीच मद्रासमध्ये तशी योजना आणली होती आणि राजकारण्यांनी ती हाणून पाडली. खाली हात जोडलेल्या इमोजींची रांग. लगेच दुसऱ्या एका गुरुजींनी लिहिलं, "ते जातीवादी होते, त्यांचं कौतुक नको." मग दोन दिवस ग्रुपवर शांतता. माहिती कुणीच दिली नाही, माझ्याकडेही नव्हती. राजाजी म्हणजे पहिले आणि शेवटचे भारतीय गव्हर्नर जनरल, हे एका ओळीचं उत्तर आपण सगळ्यांनी पाठ केलेलं. डी.एड.ला असतानाही त्यापुढे कधी गेलो नाही.

मग वाचायला घेतलं. वाचता वाचता लक्षात आलं की हा विषय नेत्यांचा कमी आणि आपल्या वर्गाचा जास्त आहे. म्हणून हा लेख.

चक्रवर्ती राजगोपालाचारी यांचा जन्म १० डिसेंबर १८७८ चा, होसूरजवळच्या थोरापल्ली गावातला. सेलमला वकिली केली, तिथल्या नगरपालिकेचे अध्यक्ष झाले, मग गांधीजींसोबत गेले. १९३७ ते १९३९ मद्रास प्रांताचे पंतप्रधान (तेव्हा प्रांताच्या मुख्यमंत्र्याला पंतप्रधान म्हणत, हे मुलांना सांगावं लागतं, नाहीतर गोंधळ होतो). पुढे १९५२ ते १९५४ मद्रास राज्याचे मुख्यमंत्री. शेवटी १९५९ मध्ये काँग्रेसच्या विरोधात त्यांनी स्वतंत्र पक्ष काढला. त्याला निमित्त झालं त्याच वर्षी जानेवारीत नागपूरच्या काँग्रेस अधिवेशनात झालेला सहकारी शेतीचा ठराव. शेती शेतकऱ्याची राहावी, सरकारनं प्रत्येक गोष्टीत परमिट आणि लायसन्स घेऊन उभं राहू नये, धर्म आणि कुटुंब यांचा समाजाला आधार असावा, अशी त्यांची मांडणी. 'परमिट-लायसन्स राज' हा शब्दप्रयोग त्यांच्याच नावावर आहे. १९६७ च्या लोकसभेत त्यांचा पक्ष ४४ जागा घेऊन सगळ्यात मोठा विरोधी पक्ष झाला होता. पुराणमतवादी, परंपरावादी असे शब्द त्यांच्यासाठी वापरतात ते यामुळे.

पण हा शब्द त्यांना नीट बसतो का? मला तरी सरसकट बसलेला दिसला नाही.

एक उदाहरण पुण्यातलंच आहे. राजाजींची मुलगी लक्ष्मी आणि गांधीजींचे धाकटे चिरंजीव देवदास यांनी लग्न करायचं ठरवलं. ब्राह्मण मुलगी, वैश्य मुलगा. म्हणजे जुन्या शास्त्राच्या हिशोबानं प्रतिलोम, अनुलोमापेक्षाही निषिद्ध मानलेलं. दोन्ही वडिलांनी मुलांना काही वर्षं थांबायला लावलं, आणि ती थांबली. मग जून १९३३ मध्ये पुण्यात, लेडी ठाकरसींच्या पर्णकुटी बंगल्यात लग्न लागलं. लग्न लावलं तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी. आज २०-२२ वर्षांच्या मुलांना हे सांगितलं तर त्यांना 'थांबायला लावलं' एवढंच खटकतं. १९३३ साली नेमकं उलटं खटकत होतं.

मंदिर प्रवेशाचंही तसंच. ८ जुलै १९३९ ला मदुराईच्या मीनाक्षी मंदिरात ए. वैद्यनाथ अय्यर काही दलित बांधवांना घेऊन आत गेले. सनातन्यांनी कोर्टकचेऱ्यांची तयारी केली, तेव्हा राजाजींच्या सरकारनं या प्रवेशाला कायद्याचं संरक्षण दिलं. आपल्याकडे साने गुरुजींचं पंढरपूरचं उपोषण १९४७ चं आहे, म्हणजे हे त्याच्या आठ वर्षं आधीचं.

दारूबंदीबाबत मात्र ते शेवटपर्यंत एकाच जागी उभे राहिले. १९३७ मध्ये सेलम जिल्ह्यात त्यांनी दारूबंदी लागू केली. त्यानं महसूल बुडाला, म्हणून १९३९ मध्ये विक्रीकर आणला. आपण आज दुकानात जो कर भरतो, त्याच्या आजोबाचा जन्म असा दारूबंदीच्या पोटी झाला, हे वाचून मला हसू आलं. १९७१ मध्ये तमिळनाडूत दारूबंदी शिथिल होऊ लागली, तेव्हा नव्वदी ओलांडलेले राजाजी मुख्यमंत्री करुणानिधींना ती उठवू नका म्हणून विनवत होते.

आणि हिंदी! १९३८ मध्ये यांनीच १२५ माध्यमिक शाळांत हिंदी सक्तीची केली. मोठं आंदोलन झालं. नटराजन आणि तालमुत्तू हे दोन तरुण आंदोलक १९३९ मध्ये तुरुंगात असताना वारले. १९४० मध्ये, राजाजींचं सरकार गेल्यावर, गव्हर्नरांनी ती सक्ती मागे घेतली. पुढे वीस वर्षांनी हेच राजाजी हिंदी लादण्याच्या विरोधात सगळ्यात पुढे! मत बदललं म्हणून मी त्यांना नावं ठेवणार नाही. पण ज्या दोन घरांतली मुलं गेली, त्यांना हा बदल कसा वाटला असेल, हे मनात आल्याशिवाय राहत नाही. शाळेत काय शिकवायचं याचा आदेश वरून निघतो तेव्हा तो कागदावर फार सोपा दिसतो. परिपत्रकं वाचून वाचून आपल्याला याची सवय आहेच.

आता मुख्य गोष्ट, ती योजना.

१९५२ च्या निवडणुकीत मद्रास राज्यात काँग्रेसला बहुमत मिळालं नव्हतं. कम्युनिस्ट आणि त्यांचे मित्रपक्ष सत्तेच्या जवळ पोचले होते. तेव्हा निवृत्त व्हायला निघालेल्या राजाजींना परत बोलावलं गेलं. त्यांनी निवडणूक लढवली नाही. राज्यपालांनी त्यांना विधान परिषदेवर नेमलं आणि ते मुख्यमंत्री झाले. यावर टीका झाली, आणि माझ्या मते रास्त झाली. आल्या आल्या त्यांनी धान्यावरची नियंत्रणं उठवली. लोकांना ते आवडलं, रेशनच्या रांगांना सगळे कंटाळले होते. त्या यशाच्या जोरावर त्यांनी १९५३-५४ च्या शालेय वर्षापासून प्राथमिक शाळांसाठी नवी योजना आणली.

अडचण खरी होती, हे आधी मान्य करू. राज्यघटनेच्या कलम ४५ नं दहा वर्षांत १४ वर्षांपर्यंतच्या सगळ्या मुलांना मोफत आणि सक्तीचं शिक्षण द्यायला सांगितलं होतं. मद्रासमध्ये शाळेच्या वयाची कितीतरी मुलं शाळेबाहेर होती. पैसा नाही, इमारती नाहीत, शिक्षक नाहीत. राजाजींनी काढलेला तोडगा असा: खेड्यांतल्या प्राथमिक शाळांमध्ये रोज पाच तासांऐवजी तीन तास शाळा. मुलांच्या दोन तुकड्या, एक सकाळी, एक नंतर. त्याच इमारतीत, त्याच शिक्षकाकडे दुप्पट मुलं बसतील. उरलेल्या वेळात मुलांनी घरी आईवडिलांकडून त्यांचा व्यवसाय शिकावा. ज्यांच्या घरी व्यवसाय नाही त्यांनी गावातल्या कारागिराकडे जावं.

(त्याच शिक्षकाकडे दुप्पट मुलं, हे वाक्य मी दोनदा वाचलं. शिक्षकाला कुणी विचारलं होतं का?)

तीन तासांचा हिशोब आपण आपल्या मापानं करू. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीला वर्षाला २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन व्हायला हवं. रोज तीन तास धरले तर २०० दिवसांत ६०० तास भरतात. पाच तास धरले तर १०००. म्हणजे पाच वर्षांच्या प्राथमिक शिक्षणात मुलाचे दोन हजार तास कमी झाले. ज्याच्या घरी वाचणारं कुणी नाही त्याचे हे दोन हजार तास कुठून भरून निघणार?

राजाजींचं म्हणणं होतं की हे गांधीजींच्या विचाराला धरूनच आहे. इथे मला थांबावंसं वाटतं, कारण नई तालीमचा उगम आपल्या वर्ध्यातला. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद झाली, डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिथेही हस्तोद्योग होता, सूतकताई होती, हातानं काम करत शिकणं होतं. वरवर पाहिलं तर दोन्ही एकच वाटतं. पण वर्ध्याच्या कल्पनेत उद्योग शाळेच्या आत होता. शिक्षकाच्या देखरेखीखाली, गणित-भाषा-परिसर यांच्याशी जोडलेला, आणि सगळ्यांना तोच. चांभाराचं पोर आणि जोशांचं पोर शेजारी बसून एकच टकळी फिरवणार. राजाजींच्या योजनेत उद्योग शाळेच्या बाहेर, घरी गेला. आणि आपल्याकडे घर म्हटलं की व्यवसाय ठरलेला, व्यवसाय म्हटला की जात ठरलेली. बारा बलुतेदारांचा पाठ शिकवताना आपण फळ्यावर जो तक्ता काढतो, तोच दुपारच्या सत्राचा अभ्यासक्रम झाला.

विरोधकांनी नेमकं यावरच बोट ठेवलं. पेरियार आणि द्रविड चळवळीतल्या लोकांनी योजनेला नाव दिलं 'कुलकल्वी'. कल्वी म्हणजे शिक्षण. 'कुल' हा शब्द मराठी माणसाला समजावून सांगायला नको. सरकारनं योजनेचं भलंमोठं नाव ठेवलं होतं, ते कुणाच्या लक्षात राहिलं नाही. हे एका शब्दाचं नाव मात्र घराघरात गेलं. खेड्यातल्या मुलांनाच तीन तास का, शहरातल्या मुलांना का नाही, हाही प्रश्न होता. आणि ज्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या लिहिणं-वाचणं हाच व्यवसाय, त्यांची मुलं दुपारी घरी काय शिकणार, हा त्याहून टोकदार. १९५३ च्या जुलैमध्ये द्रमुकनं राजाजींच्या घरासमोर निदर्शनं केली. काँग्रेसमधलेच अनेक आमदार नाराज होते. विधानसभेत योजना थोडक्यात तगली आणि तज्ज्ञ समितीकडे गेली.

त्या समितीचे अध्यक्ष होते आपले रा. वि. परुळेकर! मुंबईचे मोठे शिक्षणतज्ज्ञ, भारतीय साक्षरतेचे अभ्यासक, जे. पी. नाईकांचे सहकारी. समितीनं योजनेच्या बाजूनं अहवाल दिला. म्हणजे जाणकार, प्रामाणिक, आयुष्यभर सार्वत्रिक शिक्षणासाठी झटलेल्या माणसालाही या योजनेत तथ्य दिसलं होतं. हे वाचल्यावर 'जातीवादी' हा एका शब्दाचा निकाल मला पुरेनासा झाला. परुळेकरांसमोर प्रश्न बहुधा असा असणार: शून्य तास शिकणारं मूल तीन तास शिकलं तर चांगलं की वाईट? त्या प्रश्नाला उत्तर एकच येतं. फक्त रस्त्यावरचे लोक दुसरा प्रश्न विचारत होते. उरलेल्या वेळात तुम्ही माझ्या मुलाला कुठे पाठवताय?

मार्च-एप्रिल १९५४ मध्ये राजाजींनी प्रकृतीचं कारण देऊन पद सोडलं. खरं कारण पक्षातला विरोध होता. नवे मुख्यमंत्री के. कामराज, ज्यांची स्वतःची शाळा लहानपणीच सुटली होती. मे १९५४ मध्ये योजना रद्द झाली. ती रद्द झाल्याचं जाहीर करणारे शिक्षणमंत्री सी. सुब्रमण्यम राजाजींच्याही मंत्रिमंडळात होते. राजकारणात असंही चालतं. कामराजांनी पुढे खेड्यापाड्यांत शाळा उघडल्या आणि दुपारचं जेवण सुरू केलं. म्हणजे अडचण तीच, पैसा तितकाच अपुरा, पण तोडगा उलट्या बाजूनं काढला. मूल दुपारी घरी पाठवण्याऐवजी दुपारी शाळेतच कसं टिकेल हे पाहिलं. आज आपल्या शाळेत साडेबाराला खिचडीचा वास सुटतो, त्याचं एक मूळ तिथे आहे.

आता वर्गातला अनुभव सांगते.

आमची शाळा सातवीपर्यंत. मी सहावी-सातवीला एकत्र बसवून राजाजींचं नावही न घेता सांगितलं, "समजा, उद्यापासून शाळा साडेसात ते साडेदहा. नंतर घरी जाऊन घरातलं काम शिकायचं. तुम्ही काय शिकाल, ते चिठ्ठीवर लिहा." आधी टाळ्या, शिट्ट्या. मग लिहायला लागले. (हा उपक्रम करणार असाल तर एक विनंती: चिठ्ठीवर नाव लिहायला लावू नका आणि मोठ्यानं वाचताना कुणाचं घर उघडं पडेल असं वाचू नका. आपल्याला अक्षरावरून कळतंच.)

मुलांच्या चिठ्ठ्यांत ट्रॅक्टर होता, शेरडं होती, मामाचं गॅरेज होतं. एकानं लिहिलं, "पप्पा ट्रकवर असतात. मला कोण शिकवणार?" मुलींच्या चिठ्ठ्या मी वाचत गेले आणि गप्प झाले. भांडी. लहान भाऊ. पाणी. भाकरी. परत भाऊ. एकीनं लिहिलं होतं, "आई रोजानं खुरपायला जाते. मी पण जाईन." ती नंतर माझ्या टेबलापाशी आली आणि म्हणाली, "बाई, खुरपणं शिकायला कितीसा वेळ लागतो? मला येतंच की." आणि एकच चिठ्ठी अशी होती, "मी घरी अभ्यास करीन, आई शिकवेल." त्या मुलाची आई अंगणवाडी सेविका आहे.

यानंतर मी फळ्यावर 'कुलकल्वी' लिहिलं आणि राजाजींची गोष्ट सांगितली. पुढचा तास मुलांनीच चालवला. दोघांनी राजाजींची बाजू घेतली आणि चांगली घेतली. एक म्हणाला, "शाळेत बसून दहावी नापास होण्यापेक्षा मोटार दुरुस्ती बरी." त्याला मी काही उत्तर दिलं नाही, कारण लगेच द्यावं असं उत्तर माझ्यापाशी नव्हतं.

माझ्याबद्दलही सांगायला हवं. माझे वडील शिंपीकाम करायचे. तिसरीत असताना मी काजं-बटणं करायला शिकले, पाचवीत तुरपाई. दुपारी शाळेतून आलं की दिवाळीच्या आधी दुकानात बसावंच लागे. त्या कामानं मला माप कळलं, इंच कळला, अर्धा-पाव कळला. आजही अपूर्णांक शिकवताना मी टेप घेऊन जाते. त्यामुळे घरचं काम म्हणजे मुलावर अन्यायच, असं मी म्हणणार नाही. पण माझे वडील दिवाळीनंतर मला दुकानातून हाकलायचे, हेही तितकंच खरं. ते स्वतः चौथी शिकलेले.

हा प्रश्न १९५४ मध्ये संपला असं समजू नका. २०१६ मध्ये बालकामगार कायद्यात दुरुस्ती झाली. त्यानुसार १४ वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवायला बंदी आहे, पण शाळेच्या वेळेनंतर किंवा सुट्टीत घरच्या व्यवसायात, तो धोकादायक नसेल तर, मदत करायला मुभा आहे. तेव्हा बाजूनं आणि विरोधात जे बोललं गेलं ते वाचलं तर मद्रासची विधानसभाच आठवते. २०२० च्या शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना, स्थानिक सुतार, माळी, कुंभार अशा कारागिरांसोबत काम करायला सुचवलं आहे. मला ही कल्पना आवडते. अट एकच: कुंभाराकडे सगळी मुलं जावीत आणि कुंभाराचा मुलगा त्या दहा दिवसांत सुताराकडे किंवा बँकेतसुद्धा जावा. नाहीतर तक्ता तोच.

कुंभाराचं उदाहरण उगाच घेतलं नाही. माझ्या वर्गात एक मुलगा पोळ्याच्या आधी आणि संक्रांतीच्या आधी हमखास गायब असतो. पोळ्याला मातीचे बैल, संक्रांतीला सुगडी. वडिलांना शाळेत बोलावलं तर ते म्हणाले, "बाई, मला हौस नाही त्याला राबवायची. पण त्या आठ दिवसांत वर्षाचा निम्मा पैसा होतो. माती मळायला हात लागतात." मग जरा थांबून म्हणाले, "आणि चाकावर बसायचं त्याला आवडतंही. उद्या नोकरी नाही लागली तर?"

मी त्यांना म्हटलं, "दादा, एक दिवस चाक घेऊन शाळेत या." ते आले. पोर्चमध्ये चाक मांडलं, सगळ्या वर्गानं हात घातले. पणतीसारखं काहीतरी फक्त दोघींना जमलं, त्यातली एक ती खुरपणारी मुलगी. कुंभारदादांचा मुलगा मात्र त्या दिवशी चाकाजवळ फिरकला नाही. पाण्याचं आणि मातीचं प्रमाण काढायचं गणित मी फळ्यावर दिलं होतं, ते करत बसला. उत्तर चुकलं. वडिलांनी लांबून सांगितलं, "अरे, एवढ्या पाण्यानं चिखल होईल." मग बरोबर केलं.

जाताना ते म्हणाले, "बाई, पोळ्याच्या आधीचे आठ दिवस मात्र द्या." मी आठ द्यायला तयार नव्हते, ते चारवर येईनात. शेवटी ठरलं असं की तो सकाळी शाळेत येईल, खिचडी खाईल आणि त्या आठवड्यापुरता दुपारनंतर घरी जाईल. घरी आल्यावर हिशोब केला. प्रार्थनेपासून जेवणाच्या सुट्टीपर्यंत जेमतेम तीन तास होतात. पोळा पुढच्या महिन्यात आहे, आणि मी मुख्याध्यापकांशी अजून बोललेले नाही.